प्रेमकथांची पिशवी

धर्मगुरूने प्रेमकथा वाचाव्यात काय, ह्या प्रश्नाला आमच्या ख्रिस्तसभेने निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. रोममधून १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची पहिली सूची निघाली. एकोणिसाव्या शतकात त्या सूचीत फ्रेंच कादंबरीकारांची रांग लागली. द्यूमा पितापुत्र, बाल्झाक, स्तांदाल, जॉर्ज सांद ही नावे तिथे आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या पुढे एकेका पुस्तकाचे नाव घालण्याची तसदीही कोणी घेतलेली नाही. ‘सर्व प्रेमकथा’ एवढीच नोंद आहे. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’चा क्रमांक १८६४ साली लागला. पुढे १९६६ साली, सहाव्या पौलांच्या कारकिर्दीत, त्या सूचीचे बंधन संपले. आमचा जन्म त्यानंतरचा. पुण्याच्या सेमिनरीत आम्ही शिकलो तेव्हा ही सूची केवळ इतिहासाच्या तासाला भेटे. आणि अगदी अलीकडे, १७ जुलै २०२४ ह्या तारखेचे दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांचे एक पत्र आले. ते तर साहित्याच्या वाचनाचे महत्त्व सांगण्यासाठीच लिहिलेले आहे आणि धर्मगुरूंच्या जडणघडणीत कथाकादंबऱ्यांना जागा असावी असा त्याचा आग्रह आहे. चारशेहून अधिक वर्षांत घड्याळाचा लंबक इतका हलला!

संतांचे म्हणाल तर त्यांनी परवानगीची वाट पाहिलेली दिसत नाही. आविलाच्या संत तेरेजा लहानपणी आईबरोबर शूर सरदारांच्या प्रेमाच्या कथा वाचीत आणि वडिलांना ते खपत नसल्याने लपवून वाचीत. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात हे स्वतःच नमूद केले आहे. संत इग्नासी १५२१ साली पायाला तोफेचा गोळा लागून अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी तसल्याच कथा वाचायला मागितल्या होत्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती दिली गेली आणि पुढचा सारा इतिहास घडला. गेल्या पावसाळ्यात आमचाही एक गुडघा असाच निकामी होऊन आम्हांला सहा आठवडे खुर्चीत बसावे लागले. आमच्याकडे मात्र उलट प्रकार झाला. संतचरित्रे कपाटात भरपूर होती. हाती आली ती प्रेमकथांची पिशवी.

ही पिशवी आणली आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त परिचारिकेने. साऱ्या वस्तीची ती मावशी, त्यामुळे आम्हीही मावशीच म्हणतो. तिचे वडील गिरणीत होते, नवरा रेल्वेत होता. नवरा गेल्यापासून रात्रीची झोप कमी झाली आणि वाचन वाढले. दर पंधरवड्याला वाचनालयात जाऊन ती दोन कादंबऱ्या बदलून आणते आणि काही जुनी पुस्तके तिने रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने घेऊन ठेवली आहेत. पिशवी टेबलावर ठेवून ती म्हणाली, “फादर, आमची लग्नं तुम्ही लावता. पण लग्नाच्या आधी पोरीच्या मनात काय काय चालतं, ते तुम्हांला कोण सांगणार? बसलाच आहात तर वाचा.” आम्ही हसलो. पण पिशवी ठेवून घेतली, आणि तशी ती ठेवून घेण्याला आणखी एक कारण होते.

त्याच्या थोडे आधी आमच्याकडे एका विवाहाची तयारी चालली होती. (कोणाला ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही वगळले आहेत.) वधूवरांची विवाहपूर्व चौकशी आम्ही नियमाप्रमाणे वेगवेगळी करतो. समोर एकटा वर, मग एकटी वधू. प्रश्न ठरलेले असतात आणि बहुतेक उत्तरेही ठरलेली असतात. स्वखुशीने लग्न करीत आहेस काय, ह्या प्रश्नाशी ती मुलगी थांबली. बाहेरच्या बाकावर तिची आई बसली होती. पंख्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “फादर, नाही म्हणण्यासारखं त्यांच्यात काही नाही. पण हो म्हणावं असंही मला कधी वाटलेलं नाही.”

इतके नेमके वाक्य आम्ही त्या खोलीत पूर्वी ऐकले नव्हते. आम्ही पेन खाली ठेवले. विचार करायला वेळ घे, असे तिला सांगितले आणि घरच्यांना बोलावून विवाह पुढे ढकलण्याविषयी सुचविले. पत्रिका छापून झाल्या होत्या, हॉलची आगाऊ रक्कम भरली होती, पाहुण्यांची रेल्वेची तिकिटे निघाली होती. पुढे ते लग्न झाले नाही. मुलगी आता परगावी नोकरी करते. त्या मुलाचे नंतर दुसरीकडे लग्न झाले. आम्हांला त्याचे निमंत्रण नव्हते, आणि त्यात गैर काही नाही. मुलीच्या वडिलांनी मात्र मिस्सेनंतर आम्हांला गाठून सांगितले, “फादर, ह्या कादंबऱ्यांनी आणि मोबाईलवरच्या गोष्टींनी आमच्या पोरी नासवल्या. एकदा वेदीवरून ह्यांच्याविरुद्ध प्रवचन द्या की.” न वाचलेल्या पुस्तकाविरुद्ध प्रवचन देणे आमच्या प्रकृतीला मानवणारे नाही. म्हणून मावशीची पिशवी आम्ही केवळ विरंगुळा म्हणून उघडली नाही.

पिशवीत क्रम असा काही नव्हता. फडके, खांडेकर, काकोडकर, शिरवळकर, विभावरी शिरूरकर असे सारे एकावर एक पडले होते. आम्ही मात्र शाळेतल्या सवयीने जुन्याकडून नव्याकडे आलो, आणि त्यासाठी एक पुस्तक आमच्या कपाटातून घातले, ते म्हणजे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. ती १८५७ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. पदमनजी प्रॉटेस्टंट पंथाचे, बेळगावचे. तिला प्रेमकथा कोणी म्हणणार नाही. विधवांच्या हालअपेष्टांचे ते निरूपण आहे आणि मधूनमधून पंतोजी बोलू लागतो. तरीही यमुना आणि तिचा नवरा विनायकराव हे एकत्र प्रवास करतात, वाटेत पाहिलेल्या गोष्टींवर एकमेकांशी बोलतात, नवरा बायकोचे मत विचारतो! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी वाचकाला ह्याहून नवलाची प्रेमकथा कोणती असेल? तो मरण पावल्यावर यमुनेने पुन्हा लग्न करणे हा कादंबरीचा प्रचाराचा भाग झाला. आमच्या लक्षात राहिले ते बैलगाडीतील संभाषण. त्यानंतर आलेल्या ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत राजपुत्र आणि सुंदऱ्या पुष्कळ आहेत, पण असे बोलणारे जोडपे आम्हांला तरी आढळले नाही.

ना. सी. फडके ह्यांच्याविषयी आमच्या पिढीला टीकाच अधिक ठाऊक आहे. कलेसाठी कला, गुळगुळीत भाषा, टेनिस, मोटार, थंड हवेची ठिकाणे. टीका खोटी नाही. फडक्यांच्या तरुणतरुणींना वेळ फार असतो आणि पैशाची चणचण फक्त कथानकाला हवी तेव्हाच भासते. सोलापूरच्या गिरणीचा भोंगा त्यांच्या कानी कधी पडला नसावा. पण ‘दौलत’ वाचताना आम्ही तिच्या प्रकाशनाचे वर्ष पाहिले आणि थबकलो. १९२९. ह्याच वर्षी शारदा कायदा संमत झाला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. चौदा! तेवढ्यासाठीही केवढे काहूर माजले होते. त्या काळातील घरात, माजघराच्या उंबऱ्याशी बसून, शिकलेली एखादी तरुणी आपला जोडीदार आपण निवडते हे वाचणाऱ्या बाईला फडक्यांचा गुळगुळीतपणा खुपला नसेल. तिला मिळालेली बातमी तिच्या दृष्टीने मोठी होती, ती अशी की हा प्रश्न मुलीलाही विचारता येतो.

विभावरी शिरूरकरांचे सोलापूरशी जुने नाते आहे. ह्या टोपणनावाआडच्या मालतीबाई बेडेकरांनी सोलापूरला तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत काम केले आणि त्या अनुभवातून ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी लिहिली. सेटलमेंट हे नाव आमच्या शहरात आजही नांदते. पण पिशवीत होती ती ‘हिंदोळ्यावर’, १९३४ सालची. नवऱ्याने टाकलेली अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते, त्याच्यासोबत राहते आणि तिला मूल हवे असते. हे पुस्तक वाचून आम्ही अस्वस्थ झालो, आणि ते का हे लपविण्याचे कारण नाही. पहिला विवाह अबाधित असताना दुसरा आम्हांला आशीर्वादता येत नाही. ह्या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही मानतो आणि शिकवतो. पण टाकलेल्या बायका आमच्याही वहीत आहेत. नवरा मुंबईला किंवा आखातात गेला आणि परतला नाही, अशी निदान तीन घरे आम्ही दर नाताळात भेटतो. त्यांना विवाह न्यायाधिकरणाचा मार्ग दाखवतो. २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी ती प्रक्रिया सोपी केली आहे. कागद आम्ही भरून देतो. परंतु रात्री दार लावून घेतल्यावर त्या घरात काय असते, ते अर्जाच्या कोणत्याच रकान्यात मावत नाही. विभावरीबाईंनी ते नव्वद वर्षांपूर्वी लिहिले. अचलेचा निर्णय आम्हांला मान्य नाही. तिचे दुःख अमान्य करण्याचा अधिकार मात्र आम्हांला कोणी दिलेला नाही.

खांडेकरांची ‘अमृतवेल’ (१९६७) मावशीची आवडती. तिच्या प्रतीला दोनदा बांधणी झाली आहे आणि समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत. नंदाचा नियोजित वर विमान अपघातात जातो. ती मन सावरण्यासाठी वसुंधरेकडे सोबतीण म्हणून जाते आणि वसुंधरा व तिचा नवरा देवदत्त ह्यांच्या दुभंगलेल्या संसारात सापडते. देवदत्ताचे मन नंदाकडे ओढ घेते. सामान्य प्रेमकथेत ह्यापुढे काय झाले असते, ते कोणीही सांगेल. खांडेकरांची नंदा ते घर सांधण्यासाठी झटते. खांडेकर उपदेशाला चुकत नाहीत. त्यांची पात्रे कधीकधी चहा ओततानाही सुभाषित बोलतात आणि आम्हांसारख्या प्रवचनकारालाही ते जड जाते. पण प्रेमाचा एक अर्थ दुसऱ्याच्या संसारातून बाजूला होणे हाही असतो, हे त्यांनी लोकप्रिय कादंबरीत मांडले आणि लोकांनी ते आवडीने वाचले. मावशीने एका ठिकाणी समासात नुसते ‘खरं आहे का?’ असे लिहिले आहे. कोणत्या ओळीसमोर, ते आम्ही सांगणार नाही. तो तिचा खाजगी कबुलीजबाब आहे.

चंद्रकांत काकोडकरांचे नाव आमच्या लहानपणी घरात मोठ्याने घेतले जात नसे. त्यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ सालच्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली तिथे निर्दोष सुटका झाली. कथा एका कवीची आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची. न्यायाधीशमहाशयांनी ती बारकाईने वाचली, हे आम्हांला विशेष वाटते. निषेध करणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचली असेल? गंमत अशी की त्याच १९६९ साली काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट झळकला आणि तो तर साऱ्या कुटुंबाने मिळून पाहावा असा. म्हणजे एकच लेखक एकाच वर्षी कोर्टातही आणि सहकुटुंब थिएटरातही! पिशवीतल्या त्यांच्या तीन कादंबऱ्या आम्ही वाचल्या. लेखणी भरभर चालते, स्त्रीचे रूप वर्णन करताना मात्र रेंगाळते, आणि तिच्या डोक्यात काय चालले आहे तिथे पुन्हा भरधाव सुटते. ह्यात पाप किती ते न्यायालयाने सांगितलेच आहे. आम्हांला कंटाळा आला, एवढी आमची तक्रार.

सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ (१९८२) आमच्या युवकांनी २०१३ सालच्या चित्रपटानंतर शोधून वाचली. ह्या कादंबरीत कट्टा आहे, शिव्या आहेत, दारू आहे आणि मैत्री आहे. मैत्रीविषयी ती फार चांगली आहे. प्रेमाविषयी ती चांगली आहे की नाही, ह्यावर आमच्या युवकसंघात दोन तास वाद झाला आणि मुलींचे मत मुलांपेक्षा बरेच कडक निघाले, एवढेच नोंदवून पुढे जातो.

कारण मुलीच्या वडिलांचा खरा राग छापील पुस्तकांवर नव्हताच. आज आमच्या मुली आणि त्यांच्या आयाही मोबाईलवर मराठी कथामालिका वाचतात. रोज एक भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी खिळा ठोकल्यासारखा प्रसंग, आणि खाली वाचकांची मते. ‘प्रतिलिपी’ हे असे एक व्यासपीठ बेंगळुरूला २०१४ साली सुरू झाले. तिथे गृहिणी लिहितात, कारकून लिहितात, विद्यार्थिनी लिहितात. ह्या लिहिण्याचे आम्हांला कौतुक आहे. ज्या घरांतून शंभर वर्षांत एक पत्रही छापून आले नव्हते, तिथून आता कादंबऱ्या येतात. आमच्या शहरात तर घरी तेलुगू किंवा कानडी बोलणारी मुलगीही ह्या गोष्टी मराठीत वाचते. गुडघ्याच्या कृपेने अशा सात मालिका आम्ही पुऱ्या केल्या.

आमचा आक्षेप त्यांतील चुंबनांवर नाही. सातांपैकी चार कथांत नायिकेचे लग्न तिच्या इच्छेविरुद्ध होते. कधी वडिलांचे कर्ज, कधी बहीण मांडवातून पळालेली, कधी नायकाचा सूड. नायक श्रीमंत, देखणा आणि संतापी असतो. तो तिला हाताला धरून ओढतो, खोलीत कोंडतो, तिचा फोन काढून घेतो. पन्नासाव्या भागाच्या सुमारास त्याच्या लहानपणीचे दुःख आपल्याला कळते, साठाव्या भागात तिला ताप येतो आणि तो रात्रभर उशाशी बसतो, आणि सत्तराव्या भागात दोघांचे प्रेम असते. म्हणजे आधी ओढून नेणे आणि मग प्रेम उगवणे. नंतर उगवलेल्या त्या प्रेमाने आधीची जबरदस्ती धुऊन निघाली, असे कथा आपल्याला सुचविते. खाली शेकडो बायकांनी हृदयाची चिन्हे काढलेली असतात. ही चिन्हे पाहून आम्हांला भीती वाटली. कारण ह्यातली काही हृदये अशा घरांतून आली असतील, जिथे पहिली रात्र अशीच झाली आणि सत्तरावा भाग अजून आलेला नाही.

मुलीच्या वडिलांना आम्ही पुढे भेटलो तेव्हा हेच सांगितले. तुमच्या मुलीने ह्या गोष्टी वाचल्या असतील तर त्यांचा धडा तिने घेतलेला नाही, उलट तो नाकारला आहे. लग्न झाल्यावर प्रेम आपोआप येईल, हे कादंबरीतले सूत्र तर आपणच मोठी माणसे घराघरांत सांगत असतो. वडील म्हणाले, “आमचं नाही का झालं तसं? तिच्या आईला कुणी विचारलं होतं?” मागे उभ्या असलेल्या तिच्या आईने ह्यावर काही म्हटले नाही. ती चहाचे कप उचलून आत गेली.

कोणी विचारले होते, हा प्रश्न जुना आहे आणि त्यावर ख्रिस्तसभेत जे झाले ते आमच्या लोकांना फारसे माहीत नाही, म्हणून थोडे विषयांतर. ट्रेंटच्या परिषदेत ११ नोव्हेंबर १५६३ रोजी विवाहाविषयीचा हुकूम संमत झाला. धर्मगुरू आणि दोन साक्षीदार ह्यांच्या समक्ष झालेलाच विवाह वैध, हा नियम तेव्हाचा. त्या वेळी फ्रान्सच्या राजदरबाराचा आग्रह होता की आईवडिलांच्या परवानगीवाचून झालेले लग्न रद्द समजावे. परिषदेने ते मानले नाही. मुलांनी आईवडिलांना डावलावे असे तिने म्हटले नाही. तशा लग्नांविषयी नापसंतीच दर्शविली. पण होकार दोघांचा, आणि त्या होकाराची किल्ली तिसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हे तिने ठरविले. १९८३ च्या धर्मसंहितेतही (कलम १०५७) हेच आहे की संमतीने विवाह होतो आणि कोणतीही मानवी सत्ता ती उणीव भरून काढू शकत नाही. धाकाने वा जबरदस्तीने घेतलेला होकार कलम ११०३ प्रमाणे निष्फळ ठरतो. चारशे वर्षे लग्नाच्या वेदीपुढे आम्ही जो प्रश्न विचारीत आलो आणि ज्याचे उत्तर बहुधा ऐकण्याआधीच लिहून घेत आलो, त्याच प्रश्नावर फडक्यांपासून आजपर्यंतची प्रत्येक बरी प्रेमकथा उभी आहे. बायबलातही पाहा. रिबकेचे लग्न ठरवून झाले होते, दागिने देऊन झाले होते, तरी निघण्यापूर्वी घरच्यांनी तिला बोलावून विचारले, ह्या माणसाबरोबर जातेस का? ती म्हणाली, जाते. लेआला मात्र कोणी विचारल्याचे दिसत नाही. बुरख्याआडून तिला याकोबाच्या खोलीत धाडले गेले. त्या दोन संसारांतला फरक उत्पत्तीच्या पुस्तकात ज्याने त्याने वाचावा.

आणि सोलापूरकराला हे सांगायला बायबलापर्यंत जावे लागत नाही. दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज मिरवत येतात आणि तळ्याकाठी अक्षता सोहळा होतो. कथा अशी की एका कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशी विवाह करायचा होता. ते योगी, त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला विवाहाची अनुमती दिली. म्हणजे इच्छा प्रथम त्या मुलीने बोलून दाखविली! हा सोहळा जिथे होतो त्या जागेचे नाव ‘संमती कट्टा’. लाखो लोक पांढऱ्या वेषात अक्षता टाकतात. तिथे संमतीचा जो विधीतला अर्थ असेल तो त्या परंपरेच्या जाणकारांनी सांगावा. पण दर जानेवारीत ते नाव वर्तमानपत्रात वाचताना आम्हांला आमच्या चौकशीच्या वहीतला तो प्रश्न आठवतो खरा.

प्रवचन आम्ही दिले नाही. युवकसंघात मात्र एका रविवारी एक परदेशी प्रेमकथा सांगितली. आलेस्सांद्रो मान्झोनी ह्या इटालियन लेखकाची ती कादंबरी प्रथम १८२७ साली आली. तिच्या नावाचा अर्थ ‘वाग्दत्त वधूवर’ असा आहे. २७ मे २०१५ रोजी विवाहपूर्व काळाविषयी बोलताना पोप फ्रान्सिस ह्यांनी वाग्दत्त जोडप्यांना ती वाचण्यास सांगितले होते. सेमिनरीत आम्ही ती इंग्रजीतून वाचली होती; गुडघा बरा होताना पुन्हा वाचली. रेन्झो हा कोमो सरोवराकाठच्या गावातला रेशीमकामगार. आमच्या विणकरांच्या शहरात त्याला परका कोण म्हणेल? लुचियाशी त्याचे लग्न ठरलेले. गावच्या दांडग्या सरदाराची नजर तिच्यावर. ७ नोव्हेंबर १६२८ च्या संध्याकाळी त्याचे दोन गुंड धर्मगुरूला वाटेत अडवून बजावतात, हे लग्न लागता कामा नये. आणि आमचे व्यवसायबंधू दोन आबोंदियो भीतीने गप्प बसतात, सबबी सांगतात, दारे लावून घेतात. सर्व कादंबऱ्यांत धर्मगुरूचे इतके लाजिरवाणे आणि इतके खरे चित्र आम्ही दुसरे पाहिलेले नाही. मग ते दोघे ट्रेंटच्या नियमाचाच आधार घेतात. साक्षीदार घेऊन रात्री त्याच्या खोलीत शिरायचे आणि त्याच्या देखत एकमेकांना वरल्याचे बोलून टाकायचे. त्या काळी धर्मगुरू नाखूश असला तरी तेवढे पुरत असे. (आज पुरणार नाही. १९०८ पासून धर्मगुरूने स्वतः संमती विचारून ती स्वीकारावी लागते.) रेन्झो आपले वाक्य पुरे करतो. लुचिया बोलायला सुरुवात करते आणि दोन आबोंदियो टेबलावरचे कापड ओढून तिच्या तोंडावर टाकतो. तिचे वाक्य पुरे होऊ देत नाही. इथे आमच्या युवकसंघातल्या मुली एकदम ओरडल्या.

पुढे दुष्काळ, दंगे, प्लेगची साथ ह्यांतून ती दोघे दोन वर्षांनी एकमेकांना सापडतात. सरदार प्लेगने मरतो आणि त्याच दोन आबोंदियोच्या हातून लग्न लागते. इतर कादंबऱ्या इथे मिटतात. मान्झोनीला आणखी चार गोष्टी सांगायच्या असतात. नवरानवरी नव्या गावी जातात. लुचियाची ख्याती आधीच तिथे पोचलेली असते, पण तिला पाहून गावकऱ्यांचा हिरमोड होतो. जिच्यासाठी एवढे रामायण झाले, ती हीच का? रेन्झो चिडतो, चारचौघांशी भांडतो, मुक्काम हलवतो. चुलतभाऊ बोर्तोलोबरोबर बेर्गामोजवळ एक रेशमाची गिरणी घेतो. सुरुवातीला धंदा बेताचाच चालतो. वर्ष पुरे व्हायच्या आत त्यांना मुलगी होते आणि तिचे नाव मारिया ठेवतात. मागाहून आणखी मुले होतात. रेन्झोला स्वतःला लिहिता येत नव्हते. आपल्या सगळ्या मुलांनी लिहायला-वाचायला शिकले पाहिजे, असे त्याने ठरविले.